कशातले टक्के? एनएफएलचे स्नॅप काउंट वाचायला शिकताना

ऑफिसातल्या कुणीतरी फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळणारा काल्पनिक संघांचा खेळ) ओढलं म्हणून अमेरिकन फुटबॉल बघायला लागलेले मराठी लोक न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत पुष्कळ सापडतील. टचडाउन कळतो, चार डाउनमध्ये दहा यार्डांचं गणितही डोक्यात बसतं. मग एखाद्या मंगळवारी सहकारी म्हणतो, “अरे, त्याचा स्नॅप शेअर ४० वरून ६५ वर गेलाय, उचल त्याला,” आणि आपण नुसती मान डोलावतो. हा लेख त्या मान डोलावणाऱ्यांसाठी. खेळाडू मैदानावर किती वेळ होता, हे सांगणारे आकडे कुठे मिळतात, ते कशाचे असतात आणि त्यावरून काय ठरवू नये, एवढंच इथे सांगतो. सगळं एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगबद्दल आहे. कॉलेजच्या सामन्यांचा हिशेब वेगळा, तो इथे मिसळत नाही.

हाताशी काय ठेवायचं

- सामन्याचं अधिकृत गेमबुक. सामना संपल्यावर लीग ही पीडीएफ काढते. त्यात ‘प्लेटाइम पर्सेंटेज’ नावाचं पान शेवटाकडे असतं.
- प्रो फुटबॉल रेफरन्ससारखं आकडेवारीचं संकेतस्थळ. २०१२ पासूनचे स्नॅप काउंट तिथे खेळाडूनुसार लावलेले मिळतात.
- त्या आठवड्याचा इंजुरी रिपोर्ट आणि सामन्याच्या दिवशीची इनॅक्टिव्ह यादी, म्हणजे त्या सामन्यात न खेळणाऱ्यांची नावं.
- प्ले-बाय-प्ले, म्हणजे प्रत्येक प्लेमध्ये काय झालं त्याची ओळ-ओळ नोंद. तीही गेमबुकातच असते.
- साधी एक्सेल शीट. पैसे देऊन घ्यायच्या सेवा पहिल्या हंगामात तरी लागत नाहीत.

१. आधी मोजतात काय ते बघा

सेंटर, म्हणजे बॉल हाती असलेल्या संघाच्या पुढच्या ओळीतला मधला खेळाडू, दोन पायांमधून बॉल मागे देतो तो स्नॅप. तिथून प्ले सुरू होतो आणि शिट्टी वाजली की संपतो. त्या प्लेला मैदानावर असलेल्या प्रत्येकाच्या खात्यात एक स्नॅप जमा. त्याने बॉलला हात लावला की नाही, टीव्हीवर दिसला की नाही, याच्याशी हिशेबाचा संबंध नाही. सामन्याच्या शेवटी घड्याळ संपवायला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) गुडघा टेकतो, तोही एक स्नॅपच.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची इथे गफलत होते. तिकडे अकरा जण ठरले की दिवसभर तेच. इथे प्रत्येक प्लेनंतर हवे तेवढे खेळाडू बदलता येतात. संघाची यादी ५३ जणांची, त्यातले सामन्याला जास्तीत जास्त ४८ तयार असतात आणि एका वेळी मैदानावर ११. म्हणजे ‘तो खेळला’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. किती खेळला, हे विचारावंच लागतं.

२. पान उघडा, रकाने ओळखा

प्लेटाइमच्या पानावर खेळाडूचं नाव, त्याची जागा आणि पुढे तीन जोड्या असतात: ऑफेन्सचे (बॉल हाती असलेली फळी) स्नॅप व टक्के, डिफेन्सचे (तिला अडवणारी फळी) स्नॅप व टक्के, स्पेशल टीम्सचे (बॉलला लाथ मारण्याच्या प्लेसाठीची फळी) स्नॅप व टक्के. पहिल्यांदा पान बघताना दोन पडताळण्या करा, म्हणजे सगळी रचना लक्षात येते.

पहिली: सेंटर किंवा त्याच्या शेजारच्या गार्डच्या नावापुढे १०० टक्के दिसतील. त्याचे स्नॅप म्हणजेच त्या दिवशीचे संघाच्या ऑफेन्सचे एकूण स्नॅप. समजा ते ६४ आहेत. आता समोरच्या संघाच्या पानावर जा. तिथे डिफेन्समध्ये १०० टक्के असलेल्या खेळाडूचे स्नॅपही ६४ च असायला हवेत, कारण एकाचा ऑफेन्स खेळतो तेव्हा दुसऱ्याचा डिफेन्स समोर असतो.

दुसरी: ऑफेन्सच्या रकान्यातल्या सगळ्या स्नॅपची बेरीज करा. ६४ गुणिले ११, म्हणजे ७०४ च्या आसपास यायला हवी.

हे एकदा हाताने करून बघाच. त्यानंतर कुणी नुसतं ‘६४ टक्के’ म्हटलं तरी मागचा आकडा शोधायची सवय लागते.

३. भागिले किती, हे विचारल्याशिवाय टक्के वापरू नका

माझ्या मते निम्मी गडबड इथेच होते. एक काल्पनिक रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा खेळाडू, घ्या. पहिल्या आठवड्यात त्याच्या संघाच्या ऑफेन्सला जेमतेम ४८ प्ले मिळाले आणि तो त्यातल्या २९ ला मैदानावर होता: ६० टक्के. दुसऱ्या आठवड्यात सामना ओव्हरटाइममध्ये गेला, ऑफेन्सचे ८० प्ले झाले, तो ३६ ला होता: ४५ टक्के. सोमवारी सकाळी मथळा येतो की त्याची भूमिका आटली. प्रत्यक्षात तो सात प्ले जास्त खेळला आहे.

मग खरं कुठलं? दोन्ही. प्रशिक्षकाच्या मनात त्याचा वाटा किती, हे टक्के सांगतात. बॉल हाती येण्याच्या संधी किती आल्या, हे स्नॅपची संख्या सांगते. फँटसीत गुण संधीवर मिळतात, पण पुढच्या आठवड्याचा अंदाज वाट्यावरून बांधायचा असतो. म्हणून शीटमध्ये दोन्ही रकाने ठेवा.

भाजक आणखी एका ठिकाणी फसवतो. हंगामाची टक्केवारी दोन प्रकारे काढतात: खेळाडू ज्या सामन्यांत उतरला तेवढ्यांतून, किंवा संघाच्या अख्ख्या हंगामातून. संघाने १७ सामन्यांत १,०८८ स्नॅप खेळले असं धरा. आपला खेळाडू १० सामने खेळला. त्या दहांत संघाचे ६४० स्नॅप झाले आणि तो ५१२ ला होता. एका हिशेबाने ८० टक्के, दुसऱ्या हिशेबाने ४७. पहिला आकडा बघून तो आधारस्तंभ वाटतो, दुसरा बघून अर्धवेळचा माणूस. संकेतस्थळ यातला कुठला दाखवतं, हे आधी तपासा. दोन संकेतस्थळांचे आकडे एका तक्त्यात तर मुळीच घालू नका. पेनल्टीमुळे रद्द झालेला प्ले मोजायचा की नाही यावरही सगळ्यांचं एकमत नाही, आणि तेवढ्यानेही दोन-चार स्नॅप इकडे-तिकडे होतात.

४. जागेप्रमाणे ‘जास्त’ म्हणजे किती ते ठरवा

६० टक्के हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. तो कुणाचा आहे, त्यावर सगळं.

ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे पुढे उभे राहून समोरच्यांना रोखणारे, पाच जण न बदलता खेळतात. तिथे १०० हीच सर्वसाधारण स्थिती. ८५ दिसले तर कुणाला तरी लागलं किंवा कुणाला तरी बसवलं. क्लीव्हलँड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल (याच ओळीच्या डाव्या टोकाचा) जो थॉमस २००७ मधल्या आपल्या पहिल्या सामन्यापासून ऑक्टोबर २०१७ पर्यंत एकही स्नॅप न चुकवता सलग १०,३६३ स्नॅप खेळला. टेनेसी टायटन्सविरुद्ध दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच तो बाहेर आला. त्या दहा वर्षांत ब्राउन्सचे क्वार्टरबॅक येत-जात राहिले, त्यामुळे हा आकडा मला जास्तच भारी वाटतो.

क्वार्टरबॅकचंही तसंच. १०० पेक्षा कमी असेल तर दुखापत, हकालपट्टी, किंवा सामना इतका एकतर्फी झाला की शेवटच्या दहा मिनिटांत राखीव खेळाडू उतरवला.

रनिंग बॅक मात्र बहुधा वाटून खेळतात. एखाद्याचा वाटा ७० टक्क्यांच्या वर सातत्याने राहिला तर तो आज दुर्मीळ प्रकार समजा. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये कॅरोलायना पँथर्ससाठी ९० टक्क्यांहून जास्त स्नॅप खेळले, आणि त्याच हंगामात धावून व झेलून दोन्हीकडे हजाराच्या वर यार्ड काढले. तो मापदंड धरून बसलात तर बाकी सगळे आळशी वाटतील. दोघा-तिघांत ५५, ३०, १५ अशी विभागणी दिसली तर ते नेहमीचंच आहे. त्यात थर्ड डाउनला कोण असतो ते मात्र शोधा. कारण तो बहुधा पासिंगचा प्ले, आणि तिथला माणूस झेल तरी घेतो, नाहीतर क्वार्टरबॅकला वाचवायला थांबतो.

वाइड रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा; त्याचा आकडा संघाच्या रचनेवर अवलंबून. सर्वात जास्त वापरात असलेली मांडणी ‘इलेव्हन पर्सनेल’ नावाची: एक रनिंग बॅक, एक टाइट एंड (ब्लॉकही करतो, पासही झेलतो), तीन रिसीव्हर. ती आवडणाऱ्या संघात तिसरा रिसीव्हरही निम्म्याहून बराच जास्त खेळतो. दोन टाइट एंड घेऊन खेळणाऱ्या संघात तोच माणूस बाकावर असतो. दोष त्याचा नव्हे, मांडणीचा.

डिफेन्सकडे या. सेफ्टी (सर्वात मागचा) आणि मुख्य लाइनबॅकर (मधल्या फळीतला) बरेचदा १०० टक्के खेळतात. ज्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, त्याच्या कानात साइडलाइनवरून सूचना येतात. ही सोय डिफेन्सला २००८ मध्ये मिळाली. तो बाहेर गेला तर निरोप पोचवायची तारांबळ होते, म्हणून त्याला सहसा काढत नाहीत. उलट डिफेन्सिव्ह लाइनवरचे जाडजूड गडी आळीपाळीने येतात. तिथे ६५ टक्के म्हणजे भरपूर. नोज टॅकल (या लाइनचा मधला) ३५ टक्के खेळला तरी तो आपलं काम चोख करत असू शकतो, कारण त्याला धावण्याच्या प्लेपुरतंच उतरवतात.

आणि तिसरा लाइनबॅकर. डेप्थ चार्टवर (प्रत्येक जागेच्या खेळाडूंची क्रमवारी) ‘स्टार्टर’, पानावर २५ टक्के. याचं कारण निकेल: समोर तीन रिसीव्हर आले की एक लाइनबॅकर बाहेर आणि पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतला) आत. हल्ली बहुतेक संघांचा हाच मूळ डिफेन्स झाला आहे. कागदावर बदली असलेला निकेल कॉर्नर (हाच पाचवा) त्यामुळे स्टार्टरच्या दुप्पट खेळलेला दिसतो. ‘स्टार्ट’ या शब्दाला भुलू नका. सामन्याच्या पहिल्या प्लेला मैदानावर कोण होतं, एवढाच त्याचा अर्थ.

५. स्पेशल टीम्सचा रकाना ओलांडू नका

नवखे लोक हा रकाना बघतच नाहीत. त्यात किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न, फील्ड गोल व एक्स्ट्रा पॉइंट, आणि ते अडवणं, असे सहा गट एकत्र मोजलेले असतात. टक्के या सगळ्यांच्या बेरजेतून काढतात. त्यामुळे किकरसुद्धा १०० च्या जवळ जात नाही. पहिल्या चारही गटांत धावणाऱ्याचे टक्के सर्वात वर दिसतात. ऑफेन्सच्या गार्डपुढे इथे चार-पाच स्नॅप दिसले तर समजा, तो एक्स्ट्रा पॉइंटच्या वेळी भिंत करायला उभा होता.

न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर कागदावर वाइड रिसीव्हर होता. अख्ख्या कारकिर्दीत त्याच्या नावावर एकच झेल आहे, ४६ यार्डांचा. फक्त ऑफेन्सचा रकाना पाहिलात तर हा माणूस संघात कशाला, असं वाटेल. तो स्पेशल टीम्ससाठी दहा वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला.

तरुण खेळाडूंकडे बघताना हा रकाना फार बोलका असतो. तळातल्या रिसीव्हरचे स्पेशल टीम्सचे स्नॅप अचानक शून्यावर आले आणि ऑफेन्सचे वाढले, तर प्रशिक्षक त्याला महत्त्वाच्या कामासाठी जपू लागले आहेत, अशी शक्यता धरा. दोन्ही एकदम घसरले तर इनॅक्टिव्ह यादी बघा.

६. मैदानावर होता, पण करत काय होता?

स्नॅप म्हणजे हजेरी. कामाचा तपशील दुसरीकडे.

समजा टाइट एंड ६४ पैकी ५० स्नॅप खेळला, ७८ टक्के. त्याच सामन्यात तिसरा रिसीव्हर ३८, म्हणजे ५९ टक्के. पहिला जास्त उपयोगाचा वाटतो. आता क्वार्टरबॅक पाससाठी मागे गेला ते ३६ प्ले घ्या. टाइट एंडने त्यातल्या १६ वेळाच रूट (पास झेलायला ठरलेली वाट) धावला, बाकी वेळ तो ब्लॉक करत उभा होता. रिसीव्हरने ३१ वेळा रूट धावला. पास कुणाकडे जाणार ते उघड आहे. रूटचे आकडे मिळाले तर रिसीव्हर आणि टाइट एंडसाठी स्नॅपपेक्षा तेच वापरा. नाही मिळाले तर निदान टार्गेट बघा, म्हणजे किती पास त्याच्या दिशेने आले.

याच्याच उलट एक फसवा प्रकार असतो. मैदानावर १२ स्नॅप आणि त्यात ९ वेळा बॉल हातात, असा रनिंग बॅक. आकडे छान, पण समोरच्या डिफेन्सला तो आला की काय होणार ते कळतं. असा वाटा टिकत नाही असा माझा अनुभव आहे, आणि त्याच्यावर लीगमधले पैसे उधळणारा कुणी ना कुणी दरवर्षी भेटतो.

७. पैसा आणि ड्राफ्ट पिक याच आकड्यांवर हलतात

हे आकडे केवळ फँटसीवाल्यांचा छंद नाहीत. जानेवारी जवळ आला की बातम्यांत ‘स्नॅप इन्सेंटिव्ह’ दिसायला लागतं, ते यामुळेच. अमुक टक्के खेळलास तर इतका बोनस, अशी कलमं करारांत असतात. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंची फेरीनिहाय निवड) तिसऱ्या ते सातव्या फेरीतल्या खेळाडूने पहिल्या तीनपैकी दोन हंगामांत ३५ टक्के स्नॅप खेळले तर चौथ्या वर्षी त्याचा पगार आपोआप वाढतो. शिवाय परफॉर्मन्स-बेस्ड पे नावाचा निधी आहे. पगार कमी आणि खेळ जास्त, अशांना त्यातून वर्षाअखेर जादा रक्कम मिळते.

सौद्यांतही तेच. २०२१ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ इंडियानापोलिस कोल्ट्सला दिला. बदल्यात मिळणारं २०२२ चं दुसऱ्या फेरीचं पिक (ड्राफ्टमध्ये निवडीचा हक्क), वेंट्झ ७५ टक्के स्नॅप खेळला तर, किंवा ७० टक्के खेळून संघ प्लेऑफमध्ये (बाद फेरी) गेला तर, पहिल्या फेरीचं होणार होतं. वेंट्झ सगळे १७ सामने खेळला. कोल्ट्स शेवटच्या सामन्यात जॅक्सनव्हिलकडून २६-११ हरून प्लेऑफबाहेर राहिले आणि पहिल्या फेरीचं पिकही गेलं.

दोन वर्षांनी उलटं झालं. न्यूयॉर्क जेट्सने एप्रिल २०२३ मध्ये ग्रीन बेकडून क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स घेतला. तो ६५ टक्के स्नॅप खेळला तर २०२४ चं दुसऱ्या फेरीचं पिक पहिल्या फेरीचं होणार होतं. ११ सप्टेंबरला मेटलाइफ स्टेडियममध्ये बफेलोविरुद्ध चौथ्याच स्नॅपला त्याचा अकिलीस टेंडन तुटला. हंगामाचे चार स्नॅप, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पिक दुसऱ्या फेरीतच राहिलं. तिसऱ्या पायरीतला भाजक आठवा: दोन्ही सौद्यांत हिशेब अख्ख्या हंगामाचा होता.

८. हे सापळे ओळखून ठेवा

अर्ध्यावर जखमी झालेला खेळाडू. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाय मुरगळलेला रिसीव्हर ६६ पैकी १८ स्नॅप, २७ टक्के, असा दिसेल. तो आठवडा सरासरीत धरू नका, शीटमध्ये त्यावर खूण करा. त्याच्या बदलीने केलेली चैनही तशीच तात्पुरती.

निकाल लागून गेल्यावरचे प्ले. ३० गुणांनी पुढे असलेला संघ चौथ्या क्वार्टरमध्ये मुख्य खेळाडू बसवतो. प्ले-बाय-प्लेवर नजर टाकली की कळतं.

अठरावा, म्हणजे नियमित हंगामाचा शेवटचा आठवडा. प्लेऑफमधली जागा पक्की झालेले संघ मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. या आठवड्याचे टक्के पुढच्या हंगामाच्या अंदाजात घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. प्रीसीझनचे (हंगामाआधीचे सराव सामने) तर कुठेच नकोत.

दोन्हीकडे खेळणारा. जॅक्सनव्हिलने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला ट्रॅव्हिस हंटर रिसीव्हर आणि कॉर्नर अशा दोन्ही जागी खेळतो. त्याचे ऑफेन्सचे टक्के एकटे वाचले तर निम्मा माणूस दिसतो. स्नॅपची बेरीज करा. टक्क्यांची मात्र नको, कारण दोन रकान्यांचे भाजक वेगळे आहेत.

शून्य स्नॅप. राखीव क्वार्टरबॅक गणवेशात उभा असतो आणि खेळत नाही. इनॅक्टिव्ह खेळाडू गणवेशातच नसतो. दोघांपुढे आकडा सारखाच रिकामा, अर्थ वेगळा.

९. आठवड्याचं वेळापत्रक लावा

तीन आठवड्यांचे आकडे एकाखाली एक आल्याशिवाय कल आहे असं म्हणू नका. एक अपवाद: मुख्य खेळाडू धडधाकट असूनही एखाद्याचा वाटा दणकन वाढला, तर एका आठवड्यावरही हालचाल करा. तोवर थांबलात तर लीगमधल्या बाकीच्यांनी त्याला उचललेला असतो.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कच्या रविवार दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. इनॅक्टिव्ह यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते, म्हणजे रात्री नऊ किंवा दहाला, जेवणं आटोपता आटोपता. मंडे नाइटचा सामना आपल्या मंगळवारी सकाळी संपतो. त्यानंतर दुपारपर्यंत सगळ्या संघांचे स्नॅप शीटमध्ये भरून घ्या. फँटसीतले वेव्हर, म्हणजे मोकळ्या खेळाडूंसाठी केलेल्या मागण्या, बहुतेक लीगमध्ये अमेरिकेतल्या मंगळवारच्या रात्री किंवा बुधवारच्या पहाटे निघतात, त्यामुळे विचार करायला मंगळवारची अख्खी संध्याकाळ तुमच्या हातात राहते. आपल्या लीगची नेमकी वेळ सेटिंग्जमध्ये एकदा बघून ठेवा, ती प्रत्येक लीग स्वतः ठरवते.